दुसऱ्याचं नाव घेताना

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा मजकूर. हेडफोन सापडत नसेल, डेटा संपला असेल किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडत असेल, तर तुमच्यासाठी. भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)



मी नागपूरच्या कळमन्यातून बोलतोय. जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांना सांगतो, मी पाळक नाही आणि धर्मशास्त्रही शिकलेलो नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, बरेचसे दिवस घरूनच काम असतं, आणि शुक्रवारी आमच्या मंडळीत तरुणांची प्रार्थनासभा असते तिथे बसतो. त्यामुळे आजचं बोलणं हे तज्ज्ञाचं प्रवचन समजू नका. तुमच्याच वयाचा एक जण मोठ्याने विचार करतोय, एवढंच.

आजचा विषय आहे मध्यस्थीची प्रार्थना. सोप्या मराठीत सांगायचं तर दुसऱ्यासाठी देवाकडे मागणं. आणि त्यातला एकच प्रश्न मी आज घेणार आहे. दुसऱ्यासाठी मागतो म्हणतो तेव्हा आपण खरंच दुसऱ्यासाठी मागतो का?

हा प्रश्न कळमन्यात राहणाऱ्याला जरा लवकर पडतो. कळमना म्हटलं की नागपूरकराला बाजार आठवतो. संत्र्यांच्या हंगामात काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडून रात्रभर गाड्या येत असतात. मिरचीच्या दिवसांत तर शेजारून गेलं तरी शिंका येतात. आता कल्पना करा, पहाटेची वेळ आहे, एकाच आवारात दोन माणसं मनातल्या मनात देवाला हाक मारतायत. शेतकरी म्हणतो, देवा, आज भाव चढू दे. पाच पावलांवर उभा असलेला छोटा खरेदीदार म्हणतो, देवा, आज भाव जरा उतरू दे. दोघंही वाईट नाहीत. दोघांनाही विचारा, स्वतःसाठी मागताय का? दोघंही सांगतील, नाही हो, पोराबाळांसाठी मागतोय.

बघा, इथेच पंचाईत होते. प्रार्थनेत दुसऱ्याचं नाव आलं म्हणजे ती आपोआप निःस्वार्थ होत नाही. माझ्या पोराचं भलं आणि तुझ्या पोराचं भलं एकाच तराजूत समोरासमोर येऊ शकतं. मग निःस्वार्थ प्रार्थना म्हणजे नक्की काय?

दुसऱ्याच्या नावाने आपलंच

पवित्र शास्त्रात याची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं मत्तयाच्या २० व्या अध्यायातलं. जब्दीच्या मुलांची आई येशूकडे येते, पाया पडते आणि मागते, की तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे बसू दे आणि एक डावीकडे. तिने स्वतःसाठी काही मागितलं का? एक शब्दही नाही. आईच ती. पण उजवी-डावी जागा एकच असते ना. ती या दोघांना मिळाली की बाकीचे दहा उभेच. म्हणून ते दहा जण चिडले. येशूने त्या बाईला झिडकारलं नाही. पण तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाही, असं मात्र सांगितलं.

आपल्या घरातल्यांसाठी प्रार्थना करू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. जरूर करा, रोज करा. फक्त तेवढं करून 'मी दुसऱ्यांसाठी प्रार्थना करतो' अशी नोंद आपल्या खात्यावर करून घेऊ नका. आपलं घर म्हणजे आपणच, जरा मोठ्या आकाराचे.

दुसरं उदाहरण लूकच्या १८ व्या अध्यायातलं. परूशी आणि जकातदार. ही गोष्ट आपण नेहमी गर्वाची गोष्ट म्हणून ऐकतो. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या परूश्याच्या प्रार्थनेत दुसरा माणूस आहे! बाजूला उभ्या असलेल्या जकातदाराचा तो देवापुढे उल्लेख करतो. कशासाठी? स्वतःची उंची मोजायला. दुसरा माणूस त्याच्या प्रार्थनेत फूटपट्टी म्हणून आला आहे.

आपल्याकडे याचं सौम्य रूप असतं. 'देवा, त्याला सुबुद्धी दे.' कधीकधी हे प्रार्थनासभेत इतक्या मोठ्याने म्हटलं जातं, की देवाला ऐकू यावं की 'त्याला', असा प्रश्न पडावा. ऑफिसातली आवृत्ती वेगळी. 'देवा, माझ्या मॅनेजरचं मन बदल.' मॅनेजरचं मन बदललं तर सुट्टी कोणाला मिळणार? मला. मग ही प्रार्थना मॅनेजरसाठी झाली की माझ्या सुट्टीसाठी?

आणि आपल्या पिढीचा खास प्रकार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कोणीतरी लिहितं, 'आईचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा.' अर्ध्या मिनिटात हात जोडलेल्या चाळीस इमोजी. त्यात वाईट काही नाही, समोरच्याला धीर येतो. पण त्या चाळीस जणांपैकी किती जण फोन खाली ठेवून, डोळे मिटून, त्या आईचं नाव घेतात? हा प्रश्न मी तुम्हाला विचारून मोकळा होत नाहीये. इमोजी टाकणाऱ्यांत आपण सगळेच आहोत.

मग ओळखायचं कसं? मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. ही प्रार्थना ऐकली गेली तर फायदा कोणाचा? आणि मी मागितलं होतं हे त्या माणसाला आयुष्यभर कळलंच नाही, तर मला चालेल का?

मोशेने नाकारलेली ऑफर

या दोन प्रश्नांवर उतरणारी प्रार्थना कशी असते ते बघायचं तर निर्गम, अध्याय ३२ काढा. मोशे डोंगरावर आहे, खाली लोकांनी सोन्याचं वासरू करून नाच-गाणं मांडलंय. देव रागावतो आणि मोशेला म्हणतो, मला अडवू नकोस, मी यांचा नाश करतो आणि तुझ्यापासूनच एक मोठं राष्ट्र करतो.

आता ही ऑफर नीट समजून घ्या. हे लोक मोशेला रोज छळणारे आहेत. पाणी नाही म्हणून भांडतात, अन्न नाही म्हणून कुरकुरतात, मिसरच बरा होता म्हणतात. हे सगळे जातील आणि नाव राहील ते एकट्या मोशेचं. त्याला काही करायचंही नाही, फक्त बाजूला व्हायचंय.

मोशे बाजूला होत नाही. तो त्यांच्यासाठी रदबदली करतो. आणि पुढे तर म्हणतो, की यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव काढून टाक. म्हणजे त्याने स्वतःचा फायदा सोडला आणि वर स्वतःलाच त्या लोकांच्या बाजूला नेऊन उभं केलं.

मला वाटतं निःस्वार्थ प्रार्थनेची खूण ही आहे. समोरच्याचं भलं मागताना माझं काहीतरी पणाला लागतं आणि तरी मी मागतो.

हे वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये कपातीची बातमी आली. आम्ही सहा जण होतो, चार राहणार असं कळलं. कोण राहणार ते दहा-बारा दिवसांनी सांगणार होते. त्या दिवसांत टीममधला एक मित्र मला म्हणाला, "भाऊ, तू प्रार्थना करतोस ना? माझ्यासाठी पण कर ना." तो ख्रिस्ती नाही. घरी बहिणीचं लग्न ठरलेलं, डोक्यावर घराचा हप्ता. हप्ता माझाही चालू आहे.

गणित सोपं होतं. सहा माणसं, चार खुर्च्या. त्याच्यासाठी खुर्ची मागायची म्हणजे माझी शक्यता तेवढी कमी करायची. मग मी एक साधा नियम केला. त्याचं नाव आधी घ्यायचं, माझं नंतर, आणि दोघांसाठी शब्द तेच वापरायचे. जे स्वतःसाठी मागतोय त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी कमी करायचा नाही. खरं सांगतो, तोंडाने शब्द निघायचे आणि पोटात गोळा यायचा.

यादी आली. मी राहिलो, तो गेला.

आता इथे एक गोष्ट घडली, जी मला आधी माहीत नव्हती. दहा दिवस ज्याचं नाव घेतलं, त्याला 'सॉरी यार' एवढा मेसेज टाकून गप्प बसताच येईना. त्याचा हप्ता मला माहीत होता, बहिणीच्या लग्नाची तारीख माहीत होती. मग त्याचा रिझ्युमे दोघांनी बसून नीट केला. ओळखीत रेफरल मागितले. रविवारी उपासनेनंतर दुपारी मॉक इंटरव्ह्यू. पाचव्या महिन्यात त्याला इंदूरला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. लग्न कर्ज काढून झालं. याला प्रार्थनेचं उत्तर म्हणायचं का? मी त्याला तसं म्हणालो नाही. त्याने सोसलं ते त्याने सोसलं, त्यावर माझ्या विश्वासाचा शिक्का मारायचा मला अधिकार नाही. पण मला एवढं कळलं, की एखाद्यासाठी रोज मागायला लागलं की त्याचं ओझं थोडं आपल्या खांद्यावर येऊन बसतं. मग हात रिकामे ठेवता येत नाहीत.

केडगावच्या मुली

हे माझ्यासारख्याच्या बाबतीत फार छोट्या प्रमाणात झालं. मोठ्या प्रमाणात बघायचं असेल तर आपल्याच महाराष्ट्रातलं एक ठिकाण आहे. पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंचं नाव आपण शाळेत समाजसुधारकांच्या यादीत वाचतो आणि पुढे जातो. जन्म १८५८ चा. आई-वडिलांकडून संस्कृत शिकल्या, त्या काळी मुलीने संस्कृत शिकणं ही केवढी मोठी गोष्ट. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. मग त्या भावाबरोबर देशभर पायी फिरल्या. पुढे लग्न, थोड्याच काळात वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. ते नंतर पुण्याला हललं.

आता आपल्या भागाशी संबंधित गोष्ट. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांत म्हणजे ज्याची राजधानी आपलं नागपूर होतं तो प्रांत. रमाबाईंना भूक म्हणजे काय ते पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्या पुण्यात बसून दुष्काळग्रस्तांसाठी प्रार्थना करू शकल्या असत्या, आणि कोणी त्यांना नावं ठेवली नसती. त्या स्वतः इकडे आल्या, दुष्काळी छावण्या बघितल्या आणि सुमारे ३०० मुली आणि बायकांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या जणींना ठेवता येईना, तेव्हा केडगावची शेतजमीन कामाला आली. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. जानेवारी १९०५. रमाबाईंनी तिथल्या मुलींसमोर प्रार्थनेची गरज सांगितली आणि विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या घरात गेली, आणि त्या दिवसातून दोनदा जमायला लागल्या.

त्या काय मागत होत्या? भारतातल्या ख्रिस्ती लोकांचं खरं मनपरिवर्तन व्हावं, आणि त्यात आपणही आलो. आणि जगातल्या सगळ्या देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा.

आता या मुली कोण होत्या ते आठवा. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अनाथ, बालविधवा. त्यांच्यातल्या कित्येक जणींनी आपलं घर डोळ्यांदेखत संपताना बघितलं होतं. ज्यांच्याकडे स्वतःसाठी मागण्यासारखं सगळ्यांत जास्त होतं, त्या रोज बसून कधीही न बघितलेल्या देशांसाठी मागत होत्या. आपण अशा मुलींकडे बघितलं असतं तर म्हणालो असतो, यांच्यासाठी कोणीतरी प्रार्थना करा रे. इथे त्याच जगासाठी प्रार्थना करत होत्या.

आणि 'त्यात आपणही आलो' हा भाग विसरू नका. परूश्याच्या आणि या मुलींच्या प्रार्थनेतला फरक तोच आहे. परूशी दुसऱ्याला स्वतःपासून वेगळं काढतो. या मुली ज्यांच्यासाठी मागतात त्यांच्याच रांगेत उभ्या राहतात. त्याच वर्षी जूनच्या शेवटी मुक्तीमध्ये जे आध्यात्मिक जागरण झालं ते भारतीय मंडळीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. पण त्याच्या आधीचे सहा महिने कोणी बघत नसताना गेले, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि उत्तर मिळालं नाही तर?

आता अवघड भागाकडे येतो. इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, की निःस्वार्थपणे मागितलं की मिळतंच. असं मी तुम्हाला सांगणार नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी असलेली, १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या.

आमच्या मंडळीत एक काका होते. नाव नाही सांगत. बाजारात हमाली केली आयुष्यभर, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालायचे. नंतर किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमचा शुक्रवारचा ग्रुप जवळजवळ दीड वर्ष त्यांच्यासाठी मागत होता. पाळीपाळीने कोणीतरी त्यांना गाडीवर घेऊन जायचं, मीही जायचो. लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचो.

एकदा परत येताना मी म्हटलं, काका, या शुक्रवारी तुमच्यासाठी काय मागू? ते म्हणाले, "माह्यासाठी मागतच हायेत सारे. तू त्या बाजूच्या पलंगावरच्या पोराले माग. बावीस वर्षांचा हाय तो. लगन व्हायचं हाय अजून त्याचं." मग त्यांनी मला त्या खोलीतल्या सगळ्यांची माहिती दिली. कोण कुठून येतो, कोणाची बायको पहाटे डबा घेऊन बस पकडते, कोणाला मशीन लावताना भीती वाटते. सुई टोचलेली असताना, चार तास हलता येत नसताना हा माणूस काय करत होता? एकेका पलंगासाठी प्रार्थना. ते नेहमी म्हणायचे, पोतं एकट्याच्यानं पाठीवर चढत नाही, उचलून द्यायला दुसरा लागतोच.

काका गेले. दीड वर्षाची आमची प्रार्थना, आम्ही मागितली तशी, ऐकली गेली नाही. तो मुलगा अजून डायलिसिसवर आहे असं शेवटचं कळलं होतं. याचा गोड शेवट माझ्याकडे नाही, आणि तयार करून सांगायची माझी इच्छाही नाही.

पण एक जागा मला धरून ठेवते. लूकच्या २२ व्या अध्यायात येशू पेत्राला सांगतो, की मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. प्रत्यक्ष येशूची प्रार्थना! आणि त्याच रात्री पेत्र काय करतो? तीनदा नाकारतो. मग ती प्रार्थना वाया गेली का? येशूने मागितलं काय होतं ते बघा. पेत्रावर संकट येऊ नये, तो घसरू नये, असं मागितलं नव्हतं. त्याचा विश्वास ढळू नये हे मागितलं होतं. आणि तू परत फिरलास की तुझ्या भावांना सावर, असंही सांगितलं होतं. म्हणजे प्रार्थना त्या एका रात्रीसाठी नव्हती, पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी होती, आणि तिच्या पोटात इतर भाऊही होते.

काकांचं शरीर बरं झालं नाही. पण शेवटपर्यंत त्यांचा विश्वास ढळलेला मी बघितला नाही, आणि त्यांनी एक अख्खी खोली सावरून धरली होती. आम्ही जे मागितलं त्याहून वेगळं काहीतरी तिथे चालू होतं. त्यापलीकडे मला सांगता येत नाही. त्यांच्या घरच्यांना आजही त्यांची उणीव आहे, आणि ती कुठल्याही वचनाने भरून काढायची घाई मी करत नाही.

करायचं काय

बरं, आता कामाचं बोलूया. ऐकून झालं, करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

एक. नावं थोडी ठेवा. मी तीनच ठेवतो. तुम्ही ऑफिसात बघितलं असेल, मेल पन्नास जणांना गेली की उत्तर कोणीच देत नाही. जो तो म्हणतो, दुसरा बघेल. 'देवा, सगळ्यांना आशीर्वाद दे' ही प्रार्थना चुकीची नाही, पण त्यात आपली जबाबदारी कुठेच अडकत नाही. एका नावाशी ती अडकते.

दोन. विचारा. 'तुझ्यासाठी नक्की काय मागू?' आपण बरेचदा समोरच्याला काय हवं ते परस्पर ठरवून टाकतो. काकांना मी विचारलं नसतं तर त्यांचं उत्तर मला कधीच कळलं नसतं.

तीन. कळलेलं पोटात ठेवा. कोणाच्या घरातलं भांडण, कोणाचा आजार, कोणाचं मोडलेलं लग्न, हे 'प्रार्थनेचा विषय' म्हणून ग्रुपवर टाकायच्या आधी त्या माणसाची परवानगी घ्या. कित्येकदा प्रार्थनेच्या नावाखाली आपण फक्त बातमी पोचवतो.

चार. तीन नावांतलं एक नावडत्या माणसाचं ठेवा. येशूने शत्रूसाठी प्रार्थना करा असं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, ते आपल्याला पाठ आहे. आणि जे ख्रिस्ती नाहीत पण हा भाग ऐकतायत, त्यांनाही हे परकं वाटू नये. शाळेत आपण सगळ्यांनी पसायदान म्हटलंय. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करून ज्ञानेश्वरांनी जे दान मागितलं, त्यात वाईट माणसं नाहीशी व्हावीत असं कुठेच नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, असं मागितलंय. ज्या गावाने त्यांना आणि त्यांच्या भावंडांना वाळीत टाकल्याचं आपण ऐकत आलो, त्या गावासकट सगळ्यांसाठी. मात्र इथे मघाचे दोन प्रश्न विसरू नका. 'त्याला सुबुद्धी दे' असं मागू नका. त्याच्या पोराला शाळेत प्रवेश मिळू दे, त्याच्या आईचा गुडघा बरा होऊ दे, असं काहीतरी मागा. जीभ जड होते की नाही बघा.

पाच. प्रार्थना संपली की त्या माणसासाठी एक छोटी गोष्ट करा. फोन, डबा, गाडीवरून सोडणं, काहीही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार जण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात, गर्दी असते म्हणून छप्पर उसकटतात आणि त्याला येशूसमोर खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास बघितला, असं तिथे लिहिलंय. म्हणजे बाज उचलणाऱ्यांचाही. त्या चौघांची नावं शुभवर्तमानात नाहीत. चारही जण एकही शब्द बोललेले नाहीत. त्यांची प्रार्थना म्हणजे ती बाज आणि ते उसकटलेलं छप्पर.

आमच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. आठवड्याला एकाची पाळी. रात्री तीनला सर्व्हर पडला की त्याचा फोन वाजतो, बाकीचे झोपलेले असतात. सकाळी उठून लोक अ‍ॅप उघडतात, ते चालतं, आणि रात्री कोण जागं होतं हे कोणी विचारत नाही. मला मध्यस्थीची प्रार्थना तशी वाटते. कोणीतरी कधीतरी आपल्यासाठीही जागं राहिलेलं असतं. आजी असेल, संडे स्कूलच्या बाई असतील, आपल्याला माहीत नसलेलं कोणी असेल. आता पाळी आपली आहे.

चला, आजच्या भागात एवढंच. नेहमी मी शेवटी प्रार्थना करतो, आज करणार नाही. आज ती तुम्ही करायची. ऑडिओमध्ये इथे एक मिनिट शांतता आहे. वाचत असाल तर स्क्रीन बंद करा. एक नाव घ्या, तुमच्या घराबाहेरचं. त्या माणसासाठी एक अशी गोष्ट मागा, जिच्यातून तुम्हाला काहीही मिळणार नाही. आणि मागितलं म्हणून त्याला सांगू नका.

भेटूया पुढच्या भागात. सलाम.